लाल निशाणाचं शेत

१

शेत मेलं होतं आणि तण जिवंत होतं.

तणबाई गाडीतून उतरली आणि बांधावर उभी राहिली. बांधापासून कालव्यापर्यंत सोयाबीन तपकिरी होऊन माना टाकून उभं होतं. पान चिमटीत धरलं की चुरा होत होता. त्या मेलेल्या ओळींमधून रानमाठ मात्र गुडघाभर वाढला होता, हिरवागार, कोणी मुद्दाम खतपाणी घातल्यासारखा.

तणबाई म्हणजे तपासनीस. तणनाशकाने कुणाचं पीक जळालं की ते कुणाच्या हातून जळालं, हे शोधून काढणं तिचं काम. समोर लोक तिला मॅडम म्हणत, पाठ वळली की तणबाई. तिला दोन्ही चालायचं. नवरा गेल्यापासून तिला बहुतेक सगळंच चालायचं. मेलेलं शेत पाहून वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. वाटत नव्हतं. दात काढताना सुन्न झालेल्या गालासारखं तिच्या आत काहीतरी झालं होतं आणि ते उतरायचं नाव घेत नव्हतं.

शेताच्या तोंडाशी काठीला लाल निशाण बांधलेलं होतं. चांगलं लालभडक.

या निशाणांची भानगड अशी. हल्ली बहुतेक जण औषध सोसणारं बियाणं पेरत. वरून तणनाशक मारलं की तण मरावं आणि पीक तगावं, असा तो हिशेब. सोसणारं पीक आणि साधं पीक दिसायला मात्र अगदी सारखं, फरक सगळा पोटात. म्हणून शेताच्या तोंडाशी निशाण लावायचा नियम निघाला. पांढरं निशाण म्हणजे सोसणारं पीक, खुशाल फवारा. लाल म्हणजे साधं, यंत्र पुढे न्या. कापडं तणबाईचं ऑफिसच वाटायचं.

ती कापडाचं टोक चाचपून बघत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाबांनीच लावलं होतं ते. पेरणीच्या दिवशी."

म्हाताऱ्याची लेक. तिशी ओलांडलेली, केस कसेतरी बांधलेले. म्हातारा पेरणीनंतर थोड्याच दिवसांत वारला होता. त्याला सगळे खुरपेबुवा म्हणत, कारण आख्ख्या शिवारात हातात खुरपं घेऊन तण काढणारा तो एकटाच उरला होता.

"बाबांच्या हातून चूक व्हायची नाही," लेक म्हणाली. "त्यांना सगळं लक्षात असायचं. शेवटपर्यंत."

तणबाईने हे विचारलं नव्हतं.

"फवारेवाल्याने लाल निशाण असताना फवारलं, अशी तुमची तक्रार आहे. त्याचं म्हणणं माहीत आहे?"

"काय म्हणणं?"

"निशाण पांढरं होतं म्हणतो."

लेकीने निशाणाकडे पाहिलं, मग तणबाईकडे. "दिसतंय की समोर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. तणबाईला तो आवाज ओळखीचा वाटला. तिचा स्वतःचाच होता.

ऊन चढलं होतं आणि हात घामेजले होते. रुमालाला पुसताना तिला दिसलं की बोटांना गुलाबी डाग पडलाय. तो काही गेला नाही. तिने रुमाल खिशात घातला आणि विसरली.

२

फवारेवाला यंत्राच्या सावलीत पाय पसरून बसला होता. यंत्र उंचच उंच, चाकं माणसाएवढी, वर काचेची खोली, बाजूंना पंखांसारख्या लांब नळ्या. सोमवारी त्याच्या परवान्याची सुनावणी होती आणि तोवर यंत्राला हात लावायला बंदी होती, म्हणून तो नुसता बसला होता. परवाना गेला तर यंत्र गेलं, आणि यंत्राशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. हे त्यानेच सांगितलं, भूक लागल्याचं सांगावं तसं.

"काम कुणी दिलं होतं?"

"काकाने. म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ. दोन्ही बाजूंची रानं त्याचीच. म्हणाला, बांधापासून कालव्यापर्यंत मार, निशाणं बघून मार."

"म्हातारा साधंच पेरतो हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं की. दरवर्षी त्याच्या बांधावरून यंत्र वळवतो मी. यंदा बघतो तर पांढरं. म्हटलं, म्हातारा गेला, मागच्यांनी बियाणं बदललं असेल. मॅडम, आमच्यात माणसाला विचारत बसत नाहीत. निशाणाला विचारतात. माणूस खोटं बोलतो, घरी नसतो, झोपलेला असतो. निशाण उभं असतं."

"नीट आठवा. पांढरंच?"

"पांढरंच. मळकं होतं. पण सगळीच मळकी असतात, धूळ काय कमी उडते?"

"आता तिथे लालभडक आहे."

"बघितलं मी." त्याने हाताचा तळवा उघडला आणि मिटला. "बघितलं आणि माझाच माझ्यावर विश्वास बसेना. बायको म्हणते, डोळे तपासून घे. तपासले. डॉक्टर म्हणाला उत्तम आहेत. आता सोमवारी हेच माझ्या विरुद्ध जाणार. डोळे उत्तम असून लाल निशाणावर औषध मारलं."

तणबाईने आजवर पुष्कळ खोटं ऐकलं होतं. खोटं बोलणारा माणूस सहसा स्वतःच्या बाजूचा पुरावा घेऊन येतो. हा गडी स्वतःच्या विरुद्धचा पुरावा पदरमोड करून घेऊन आला होता.

कुठेतरी पाणी मुरत होतं. ती उठली आणि पुन्हा शेताकडे गेली.

३

या वेळी तिने निशाणाकडे पाहिलंच नाही. काठीकडे पाहिलं.

काठी जुनी, उन्हाने भुरी पडलेली. तिच्या बुडाशी हरणखुरी उगवली होती. हरणखुरीला काय, आधार दिसला की वेढे घालत वर चढायचं. हे तणही असं चिवट की औषधाला फारशी दाद देत नाही. कडेची चार पानं पिवळी पडली होती एवढंच. वेल काठीला गुंडाळत छातीइतक्या उंचीवर कापडापाशी पोचला होता आणि कापडाच्याही वर वीतभर गेला होता.

तणबाई वाकली.

कापडाची दोन टोकं काठीभोवती घेऊन गाठ मारलेली होती. ती गाठ वेलाच्या वरून होती. गाठीखाली वेल करकचून आवळला गेला होता आणि हरणखुरीचं एक पान कापड आणि काठी यांच्यामध्ये चपटं होऊन अडकलं होतं. अजून हिरवं होतं.

ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. पेरणीच्या दिवशी शेतात वेल नसतो. आधी काठी, आधी निशाण, मग वेल. असं असतं तर वेल गाठीच्या वरून गेला असता. इथे गाठ वेलाच्या वरून होती. म्हणजे काठी पेरणीची होती. वेलही तेव्हापासून निवांत वाढला होता. कापड मात्र हल्ली, अगदी हल्ली बांधलेलं होतं. आणि फवारणीनंतरच, कारण फवारणीच्या दिवशी इथे लाल काही नव्हतं असं एक माणूस छातीठोकपणे सांगत होता.

फवारेवाला खरं बोलत होता. कुणीतरी शेत मेल्यावर येऊन लाल निशाण बांधून गेलं होतं.

तिने फोटो काढले. पूर्वी असं काही सापडलं की ती नवऱ्याला फोन करायची. तो म्हणायचा, झालं का तुझं गवत उपटून. आता ती फोटो काढून झाल्यावर फोन नुसता खिशात ठेवायची.

४

बियाणेवाल्याचं दुकान रस्त्याला लागून होतं. भिंतभर सोसणाऱ्या बियाण्याची पांढरी पोती आणि काउंटरवर मोजमापाचा काटा. ऑफिसची निशाणं वाटण्याचं काम त्याच्याकडेच होतं.

"म्हाताऱ्याशी तुमचं वाकडं होतं म्हणतात."

"माझं काय घोडं मारलं होतं त्याने?" बियाणेवाला हसला. मग हसणं आवरलं. "बरं, मारलं होतं थोडं. स्वतःचं बी राखायचा आणि मागेल त्याला ओंजळभर फुकट द्यायचा. पण घेणारे होते किती? दोन-तीन हौशी. माझ्या धंद्याला त्याने काय होतंय? आणि खरं सांगू मॅडम, मला आता त्याचं पटायला लागलं होतं. लोक माझ्याकडे येतात, म्हणतात, हे औषध रानमाठाला लागत नाही, दुसरं द्या. दुसरं देतो. पुढच्या वर्षी तेही लागत नाही."

"का लागत नाही?"

"तुम्हीच आम्हाला शिकवता की. मरणारी रोपं मेली, चुकून तगली त्यांनी बी पाडलं, आता सगळी त्यांचीच पिलावळ. म्हाताऱ्याच्या खुरप्याची मात्र कुठल्याच तणाला सवय झाली नाही."

"निशाण कुठलं नेलं होतं त्याने?"

"लाल. अख्खा गठ्ठा घेऊन गेला. म्हणाला, बाकीची कोण नेणार आहे? खरंच होतं. लाल मागणारा दुसरा कोणी राहिलाच नाही. बरं झालं त्याने नेली ते. यंदाच्या तुमच्या त्या गठ्ठ्याने माझ्या पोत्यांना डाग पाडले."

तिने मान हलवली आणि ती काकाकडे गेली.

काका आपल्या शेताच्या कडेला उभा राहून पिकाच्याही वर गेलेल्या रानमाठाकडे बघत होता. त्याच्या शेतात पीक हिरवं आणि तणही हिरवं. औषध मारून फरक एवढाच पडला होता की औषध संपलं होतं.

"भावाने हे रान मला करायला द्यावं म्हणून मी मागे लागलो होतो, खरं आहे," तो म्हणाला. "तो नाही म्हणाला. आमची तोंडं बंद होती. आता तोंड उघडायला तोच नाही."

"शेत मेल्यावर कुणीतरी तिथे लाल निशाण बांधलं. त्याआधी पांढरं होतं."

काकाच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो विचार करत होता, आणि ते लपवत नव्हता.

"म्हणजे तुमचा संशय असा की, मी लाल काढून पांढरं लावलं, भावाचं पीक मारायला लावलं, आणि मग परत लाल लावलं?"

"संशय कुणावर नाही. विचारतेय."

"मग मीच विचारतो, मॅडम. मी पांढरं लावलं असतं तर परत लाल कशाला लावू? पांढरंच राहू दिलं असतं. लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं, त्यानेच चुकीचं निशाण लावलं. मी मोकळा. लाल लावून माझा काय फायदा? लालने मरतो तो फवारेवाला."

तणबाई त्याच्याकडे बघत राहिली. काम तिचं होतं आणि अर्धं त्याने करून दिलं होतं.

पांढरं निशाण कुणाला दोषी ठरवतं? ज्याने ते लावलं त्याला. म्हणजे म्हाताऱ्याला. लाल लावल्याने म्हातारा सुटतो.

फवारेवाल्याला बुडवावं असं कुणालाच वाटत नव्हतं. कुणालातरी म्हाताऱ्याला वाचवायचं होतं. आणि मेलेल्या माणसाला वाचवायची गरज कुणाला असते, हे तणबाईला विचारावं लागलं नाही.

"तुमच्या भावाला शेवटी शेवटी विसरायला व्हायचं का?" तिने जाता जाता विचारलं.

"आम्ही बोलत होतो कुठे?" काका म्हणाला. "मला कोण सांगणार."

५

लेकीने चहा टाकला. स्वयंपाकघर लहान, स्वच्छ, आणि डब्याडब्यावर चिकटवलेल्या कागदांनी भरलेलं. मोठ्या ठळक अक्षरांत 'साखर'. 'मीठ'. शेगडीच्या वर 'बंद केली का?' मागच्या दाराला 'बाहेर जाताना हाक मारा'. खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यावर 'बी. शिजवू नका.'

सगळे कागद एकाच हातचे होते. म्हाताऱ्याच्या नव्हे, म्हाताऱ्यासाठी लिहिलेले.

तणबाईने चहाचा घोट घेतला. "किती दिवस चाललं होतं?"

लेकीने शेगडी बंद केली. कागदावर लिहिलेलं वाचूनच केल्यासारखी. "काय?"

"त्यांचं विसरणं."

लेक समोर बसली. नाही म्हणेल असं क्षणभर वाटलं, पण नाही म्हणायलाही जोर लागतो.

"मी नोकरी सोडून आले ते त्यासाठीच. कुणाला सांगितलं नाही. त्यांना लाज वाटायची. एकदा राखलेलं बी कुकरमध्ये लावायला निघाले होते. मला आईच्या नावाने हाक मारायचे. आई जाऊन किती वर्षं झाली. मी ओ द्यायचे."

"आणि निशाण?"

"ते गेल्यापासून मी शेतात गेले नव्हते. नाही गेले. तण वाढतंय हे कळत होतं, उठवत नव्हतं. मग शेत मेल्याचं कुणीतरी सांगत आलं, तेव्हा गेले. बघते तर पांढरं निशाण." ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "जन्मभर साधं पेरलं. आयुष्यात एकदाही औषध मारलं नाही. आणि शेवटच्या पेरणीला पांढरं लावून गेले. लोक काय म्हणाले असते? खुरपेबुवाने स्वतःच्या हाताने स्वतःचं शेत मारलं. शाळेतल्या पोरांनीसुद्धा जोक केले असते."

"म्हणून बदललंत."

"शेडमध्ये गठ्ठा होता लाल निशाणांचा. त्यातलं एक नेऊन बांधलं."

"फवारेवाल्याचा परवाना जाणार आहे सोमवारी."

"माहीत आहे."

"त्याचं काहीच वाटलं नाही?"

लेकीने मान वर केली. "वाटायला हवं होतं. मी वाट बघत होते वाटण्याची."

तणबाईला यावर काहीतरी बोलायला हवं होतं. कडक काहीतरी, नियम होते, कलमं होती. तिच्या तोंडून निघालं ते एवढंच: "मलाही नाही वाटत हल्ली."

चहा निवला.

तणबाई कपाकडे बघत होती. तिची बोटं कपाभोवती होती आणि बोटांच्या टोकांवर तो गुलाबी डाग अजून होता. साबणाने धुऊनही न गेलेला. बियाणेवाल्याच्या पोत्यांना पडलेला डागही हाच असणार.

ती हळूच कप खाली ठेवून म्हणाली, "ते जुनं निशाण कुठे आहे?"

६

लेकीने ते फेकलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या खुरप्यांच्या पेटीत घडी करून ठेवलं होतं, सगळ्यात खाली.

"गाठ सुटेना," ती म्हणाली. "बाबांची गाठ कधी कुणाला सुटायचीच नाही. मागच्या बाजूने विळ्याने कापलं आणि वेलाखालून ओढून काढलं."

तणबाईने कापड खिडकीशी नेलं. पांढरं होतं. मळकं पांढरं, फवारेवाला म्हणाला तसंच, कडेला जेमतेम दिसेल असा बदामी झाक असलेला पट्टा. आणि पुढे मध्यभागी खुरपेबुवाची गाठ, खजुराच्या बीसारखी आवळलेली, तशीच्या तशी.

"तुम्ही पांढरं निशाण पाहिलंत," ती म्हणाली. "त्यानेही पांढरंच पाहिलं. पण ते लावलं तेव्हा कसं होतं, हे तुमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. बियाणेवाला म्हणतो, म्हाताऱ्याने फक्त लालच नेली होती. मग पांढरं आलं कुठून?"

तणबाईने बोटाने गाठ चाचपली.

"सुई आहे का जाडसर?"

लेकीने गोणपाट शिवायचा दाभण आणून दिला. तणबाईने त्याचं टोक गाठीत खुपसलं आणि हळूहळू सैल करू लागली. खरंच सुटत नव्हती. ज्याने मारली होती त्याने ती सुटू नये म्हणूनच मारली होती, वाऱ्याने नाही, जनावराने नाही. एक पदर हलला. दुसरा हलला. मग गाठ उकलली आणि आतली घडी पसरली.

आतून कापड लाल होतं.

लालभडक, दुकानातून आणल्यासारखं. जिथे जिथे पदरावर पदर होता, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे तिथे लाल. आणि बाहेरचं सगळं उडालेलं.

"यंदाचा रंग कच्चा आहे," तणबाई म्हणाली. "हाताला लागतो, पोत्यांना लागतो. पेरणीपासून कडक ऊन होतं. रोज बघणारा माणूस असता तर त्याच्या लक्षात आलं असतं. रोज बघणारा माणूस गेला होता. आणि शिवारात लाल निशाण दुसरं नव्हतंच, म्हणून ते उडतंय हे कुठेच कुणाला दिसलं नाही. पांढरी काय, पांढरीच राहिली. हे आमच्या ऑफिसचं कापड आहे. आमची चूक आहे."

लेकीला ती शेवटची वाक्यं ऐकू आली की नाही, कोण जाणे. तिने कापड हातात घेतलं. त्या लाल घडीवरून अंगठा फिरवला. अंगठा गुलाबी झाला.

"लालच लावलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मला आईच्या नावाने हाक मारायचे. साखर म्हणून मीठ घ्यायचे. घरचा रस्ता चुकले होते एकदा." ती थांबली. "हे नाही विसरले."

तिचा चेहरा बदलला नाही. डोळ्यांतून मात्र पाणी यायला लागलं आणि येतच राहिलं, आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही. मी त्यांच्यावर संशय घेतला, ती म्हणत होती, मीच घेतला, दुसरं कुणी नाही. तणबाईने खिशातून रुमाल काढून दिला. त्याच्यावरही गुलाबी बोटं उमटलेली होती.

सुन्न गाल उतरायला लागला की ठणकतो, तसं तणबाईच्या आत काहीतरी ठणकलं. किती दिवसांनी ठणकलं होतं.

७

सोमवारच्या आधीच साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. तिने आपल्या टेबलाजवळच्या खिडकीत म्हाताऱ्याच्या गठ्ठ्यातलं एक लाल निशाण टांगून ठेवलं होतं; ते एव्हाना गुलाबी झालं होतं.

"फवारेवाला निर्दोष, इथवर ठीक," साहेब म्हणाले. "कापडाचं कशाला काढता? हवामानामुळे निशाण अस्पष्ट, असं लिहा की."

"हवामान नाही, साहेब. आपण."

ती बाहेर आली. पूर्वी अशा वेळी तिचे कान तापायचे. आता थोडेसे तापले.

सोमवारी सुनावणीच्या खोलीत फवारेवाला नवा शर्ट घालून भिंतीला टेकून बसला होता. लेक उठून उभी राहिली आणि कुणी विचारायच्या आत तिने सगळं सांगितलं. निशाण मी बदललं. यांचा दोष नाही. आवाज सपाट होता पण पोचत होता. यांचा परवाना राहील, तुमच्यावर कारवाई काय व्हायची ती होईल, असं अध्यक्ष म्हणाले, आणि तिने मान डोलावली.

बाहेर व्हरांड्यात फवारेवाला लेकीसमोर उभा राहिला. तो ओरडेल असं तणबाईला वाटलं होतं. ओरडायचा त्याला हक्क होता.

"मी म्हणत होतो पांढरं होतं," तो म्हणाला.

"पांढरं होतं," लेक म्हणाली. "त्यांनी लाल लावलं होतं."

"झोपलो नाही मी इतके दिवस," तो म्हणाला. "तेवढं ऐकून घ्या."

"ऐकलं."

"म्हाताऱ्याच्या बांधावरून मी दरवर्षी यंत्र वळवायचो. तो हात करायचा." एवढं बोलून तो गेला. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही, आणि तिने मागितलंही नाही.

दुपारी तणबाई शेताकडे गेली. निशाणाची काठी उपटून पुराव्यात जमा करायची होती. मेलेल्या सोयाबीनमध्ये लेक उकिडवी बसली होती, हातात खुरपं. रानमाठाला तुरे फुटायला आले होते. ती एकेक रोप मुळासकट उपटून पालथं टाकत होती. मागे उपटलेल्यांची वाकडीतिकडी ओळ झाली होती, आणि पुढे अजून सगळं शेत होतं.

"पीक तर गेलं," तणबाई म्हणाली. "आता कशाला?"

"बी पडायच्या आत काढलं पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी इथेही काकांसारखं होईल."

"पुढच्या वर्षी पेरणार आहेस?" तुम्हीवरून ती तूवर कधी आली, तिला कळलं नाही.

"खिडकीतल्या डब्यात आहे की." लेकीने घाम पुसला. "शिजवू नका लिहिलेला. एवढं शेत नाही व्हायचं त्यात. कोपरा होईल."

बांधापलीकडे काका उभा होता. किती वेळ उभा होता, देव जाणे. थोड्या वेळाने तो वाकला आणि बांधाला लागून असलेलं आपल्या बाजूचं एक रोप उपटलं. मग दुसरं.

"निशाण काय लावू पुढच्या वेळी?" लेकीने विचारलं. "तुमच्या कापडाचा काही भरवसा नाही."

"पत्र्याचं लाव. लाल रंगवून. आणि अधूनमधून बघायला येत जा."

तणबाई काठीपाशी गेली. हरणखुरीचा वेल काठीला अजून घट्ट बिलगून होता. तिने तो नखाने सोडवत सोडवत खाली आणला, काठी उपटून गाडीत टाकली, आणि परत आली. लेकीने बांधावर आणून ठेवलेल्या पेटीत खुरपी आणखी होती. तिने एक उचललं, मूठ हाताला बसते का पाहिली, आणि लेकीच्या शेजारची ओळ धरली.